ॲट्रॉसिटी ‘केली’ कुणी?

‘ॲट्रॉसिटी’ हा शब्द खान्देशात आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्यांनी इंग्रजीची एबीसीडी कधी गिरवली नाही, अशी म्हातारी माणसेसुद्धा हा शब्द सर्रास बोलतात. कुणी अट्रासिटी म्हणतो, कुणी अट्राशिटी म्हणतो. जळगावच्या न्यायालयाच्या आवारात, धुळ्याच्या बसस्थानकाबाहेर चहाच्या टपरीवर, अमळनेर-चाळीसगावच्या बाजाराच्या दिवशी हा शब्द कानावर पडल्याशिवाय राहत नाही. टेबल, तिकीट, डॉक्टर हे शब्द जसे आपले झाले, तसाच हाही झाला. परंतु टेबल म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू उभी राहते. ॲट्रॉसिटी म्हटले की एकाच्या डोळ्यांपुढे मार खाल्लेला माणूस उभा राहतो, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे खोटी केस उभी राहते, तर तिसऱ्याच्या डोळ्यांपुढे सरकारी मदतीचा धनादेश! एकाच शब्दाची ही तीन रूपे कशी झाली आणि त्यात नुकसान कुणाचे झाले, याचा विचार समाजाने केला पाहिजे असे आम्हाला वाटते. वकिली आणि चळवळ या दोन्ही निमित्ताने आमचा या शब्दाशी रोजचा संबंध येतो, म्हणून हा प्रपंच.

प्रथम शब्दाच्या मागे लागणारे क्रियापद पाहा. गावातला माणूस काय म्हणतो? “त्याने माझ्यावर ॲट्रॉसिटी केली.” “त्यांनी आमच्या पोरावर ॲट्रॉसिटी टाकली, ठोकली, लावली.” हे बोलणारा कोण असतो? ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला तो आरोपी! म्हणजे ज्याने मारले, शिवी दिली, वस्तीचे पाणी तोडले, तो सांगतो की माझ्यावर ॲट्रॉसिटी झाली. आणि ज्याने मार खाल्ला, त्याने म्हणे ॲट्रॉसिटी ‘केली’!

वाचकहो, दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याच्या बाबतीत आपण असे बोलतो काय? एखाद्याच्या घरी चोरी झाली आणि त्याने पोलिसांत फिर्याद दिली, तर “याने चोरावर चोरी केली” असे कुणी म्हणत नाही. घर जाळले गेलेल्या माणसाने तक्रार दिली, तर “याने जाळपोळ केली” असे कुणी म्हणत नाही. मग याच एका गुन्ह्याच्या बाबतीत फिर्यादी हा करणारा आणि आरोपी हा सोसणारा कसा झाला? कायदा बदलायला संसद लागते, पण क्रियापद बदलायला कुणाचीच परवानगी लागत नाही. प्रस्थापित समाजाने हे काम चावडीवर बसून केले, आणि आपणही ते क्रियापद उचलून बोलू लागलो, ही खरी चिंतेची बाब आहे.

आता शब्दाचा मूळ अर्थ पाहू. इंग्रजीत ॲट्रॉसिटी म्हणजे अत्यंत क्रूर, अमानुष कृत्य. हा शब्द लॅटिन भाषेतून आला. तिथे त्याच्या मुळाशी ‘काळा’ आणि ‘डोळा’ या अर्थाचे शब्द असल्याचे कोशकार सांगतात. ज्याच्याकडे पाहिले तरी धडकी भरावी, असे भयंकर ते. इंग्रजी वर्तमानपत्रे हा शब्द युद्धातल्या कत्तलींसाठी, नरसंहारासाठी वापरतात. म्हणजे कोशाप्रमाणे ॲट्रॉसिटी ही नेहमी बलवानाकडून दुर्बलावर होते. खालून वर होत नाही.

हा शब्द आपल्याकडे कायद्यात कसा आला? अस्पृश्यता राज्यघटनेच्या कलम १७ ने नष्ट केली. तिच्या पालनाला शिक्षा देणारा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९५५ साली आला. १९७६ साली त्यात दुरुस्त्या होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. जुने कार्यकर्ते त्याला ‘पीसीआर’ म्हणत. परंतु मंदिरात जाऊ दिले नाही, हॉटेलात वेगळा कप ठेवला, एवढ्यापुरताच तो कायदा होता. प्रश्न त्याच्या पलीकडे गेला होता. १९६८ साली तामिळनाडूत किळवेन्मणी येथे ४४ दलितांना झोपडीत कोंडून जाळले गेले. १९७७ साली बिहारमध्ये बेलछी घडले. १९७८ साली आपल्या मराठवाड्यात नामांतराच्या ठरावानंतर वस्त्याच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. याला ‘अस्पृश्यता’ म्हणून भागणार नव्हते. शिवायचे नाही, एवढाच हा प्रकार नव्हता. डोके वर काढाल तर ठेचू, असा हा प्रकार होता.

म्हणून १९८९ साली अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम झाला आणि ३० जानेवारी १९९० पासून तो लागू झाला. या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत सरकारने स्वतः मान्य केले आहे की, शिक्षणाने जागृत झालेले हे लोक आपले हक्क मागू लागले, हे इतरांना रुचत नाही, म्हणून त्यांना दडपले जाते, त्यांच्यावर दहशत बसवली जाते. हक्क मागितला म्हणून मार, हा या कायद्याच्या जन्माचा दाखला आहे.

मराठीत कायद्याच्या नावात ‘अत्याचार’ असा स्वच्छ शब्द असताना लोक इंग्रजी शब्द का वापरतात? त्यालाही कारण आहे. मराठी वर्तमानपत्रांनी ‘अत्याचार’ हा शब्द लैंगिक अत्याचारासाठी जवळजवळ राखून ठेवला. त्यामुळे ‘अत्याचाराची केस’ म्हटले की ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो. म्हणून इंग्रजी शब्द आला. पण तो आला तो घटनेचे नाव म्हणून नव्हे, तर कलमाचे नाव म्हणून. अत्याचार मागे पडला आणि केस पुढे आली. इथेच सगळा घोळ झाला.

कायद्याने या शब्दाची व्याख्या कशी केली, हे फार थोड्यांना माहीत असते. कायदा म्हणतो, ‘अत्याचार’ म्हणजे कलम ३ खाली शिक्षेस पात्र असलेला अपराध. बस्स! कोश बाजूला ठेवायचा आणि कलम ३ ची यादी वाचायची. या यादीत काय काय आहे? खाण्यापिण्यास अयोग्य वस्तू खायला-प्यायला लावणे. घराच्या दारात मेलेले जनावर किंवा घाण आणून टाकणे. बळजबरीने कपडे काढणे, मुंडण करणे, मिशा काढणे, तोंडाला काळे फासणे. चपलांचा हार घालणे. जमीन बळकावणे. मतदान करू न देणे. खोट्या खटल्यात गुंतवणे. लोकांच्या नजरेसमोर अपमान करणे, जातीवरून शिवीगाळ करणे. २०१५ च्या दुरुस्तीने ही यादी वाढली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. आता सार्वजनिक ठिकाणी चप्पल घालण्यास, नवे कपडे घालण्यास, सायकल-मोटारसायकलवर बसण्यास, लग्नाची वरात काढण्यास, घोड्यावर बसण्यास अडवणे हासुद्धा अत्याचार आहे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे हाही अत्याचार आहे. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी कलमवार मागणी बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात केली होती. तिला या कायद्यात जागा मिळायला अडुसष्ट वर्षे लागली!

म्हणजे रक्ताचा एक थेंबही न सांडता ॲट्रॉसिटी होऊ शकते. नवरदेवाला घोड्यावरून उतरवले, की झाली ॲट्रॉसिटी. उलट, अंगावर काटा आणणारी क्रूरता घडूनही कायद्याच्या अर्थाने ती ॲट्रॉसिटी नसू शकते. याचे उदाहरण आपल्याच धुळे जिल्ह्यात आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी होती. इंग्रजी कोश उघडला तर ॲट्रॉसिटी या शब्दाला याहून नेमके उदाहरण सापडणार नाही. परंतु हा समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या यादीत नाही. म्हणून हा कायदा त्यांच्या मदतीला येऊ शकत नव्हता. भटक्या-विमुक्तांना कायद्याचे असेच संरक्षण असावे, ही मागणी का होते, हे राईनपाड्यावरून समजावे. ‘ॲट्रॉसिटीचे लाड’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी या पाच प्रेतांकडे एकदा पाहावे.

त्याच्या तीनच आठवडे आधी, जून २०१८ मध्येच, जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील वाकडी गावचे प्रकरण देशभर गाजले होते. विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारले गेले आणि वर त्याचे चित्रीकरण करून ते मोबाईलवरून फिरवले गेले. कायद्याची यादी समोर ठेवा. बळजबरीने कपडे काढणे हे तिथे शब्दशः लिहिलेले आहे. तरीही तेव्हा काही मंडळी विचारत होती की, मारणारे सवर्ण नाहीत, भटक्या समाजातले आहेत, मग ही ॲट्रॉसिटी कशी? उत्तर सोपे आहे. आरोपी उच्चवर्णीय असलाच पाहिजे, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. तो अनुसूचित जाती किंवा जमातीचा नसावा, एवढेच लिहिलेले आहे. दुसरे काही जण म्हणाले, विहीर खाजगी मालकीची होती. मान्य! खाजगी विहिरीत कुणी पोहले तर मालकाने हटकावे, पोलिसांत जावे. मालकी हक्कात लेकरांना नागवे करण्याचा हक्क कुठून आला?

यापेक्षा कटू उदाहरण खैरलांजीचे आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना गावाने मारले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, त्यांतील सहा जणांना फाशी सुनावली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती फाशी पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. खून शाबीत झाला, पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा ना खाली शाबीत मानला गेला, ना वर. साऱ्या महाराष्ट्राने ज्याला ॲट्रॉसिटी म्हटले, त्याला कोर्टाच्या कागदावर तो शब्द मिळाला नाही! का? कारण त्या वेळी मोठ्या गुन्ह्यांच्या कलमात असे शब्द होते की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा केलेला असला पाहिजे. आरोपीच्या मनातले कारण शाबीत करणे किती कठीण, हे कोणताही वकील सांगेल. २०१६ पासून तिथे ‘हे माहीत असताना’ असे शब्द आले. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत होता हे शाबीत झाले, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरते. लहान गावात कोण कुणाला ओळखत नाही? दोन-चार शब्द बदलले आणि कायद्याचे बळ किती बदलले! शब्दांचा इतका विचार आम्ही का करतो, ते यावरून ध्यानात यावे.

आता ‘गैरवापर’ या शब्दाकडे येऊ. ॲट्रॉसिटी म्हटले की त्याच्या जोडीला हा शब्द येतोच. २०१६ साली राज्यभर जे मोर्चे निघाले, जळगाव-धुळ्यातही निघाले, त्यांत या कायद्यात बदल करण्याची मागणी होती. पुढे २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या सुभाष महाजन प्रकरणात प्राथमिक चौकशीची आणि अटकेपूर्वी परवानगीची अट घातली. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद त्याविरुद्ध होता. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून या अटी दूर केल्या, २०१९ मध्ये न्यायालयानेही आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरवले. अर्थात प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तर अटकपूर्व जामिनाचा मार्ग न्यायालयाने मोकळा ठेवलेला आहे. मग निरपराध माणसाने घाबरावे कशाला?

गैरवापराचा पुरावा म्हणून सुटलेल्या आरोपींची संख्या पुढे केली जाते. पण ‘निर्दोष सुटला’ म्हणजे ‘फिर्याद खोटी होती’ असा अर्थ होत नाही. साक्षीदार फितूर होतात. त्याच गावात, त्याच मालकाच्या शेतावर मजुरी करणारा माणूस साक्षीला किती दिवस उभा राहील? पंचनामा ढिला होतो, जातीचा दाखला वेळेवर दाखल होत नाही, तपास पोलीस उपअधीक्षकाऐवजी भलत्याच अधिकाऱ्याने केला म्हणून केस कोसळते. हे सारे पोलिसांचे आणि व्यवस्थेचे दोष आहेत, पण पावती फाडली जाते पीडिताच्या नावाने! खुनाच्या खटल्यातही आरोपी सुटतात. म्हणून खुनाचे कलम रद्द करा, असा मोर्चा कुणी काढल्याचे ऐकिवात नाही.

परंतु केवळ दुसऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. आपल्या तरुणांच्या तोंडीही हा शब्द कसा येतो, ते प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. गाडीचा धक्का लागला, मोबाईलच्या पैशांवरून वाद झाला की “अट्राशिटी लाई देसू!” अशी धमकी ऐकू येते. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी बसून ‘ॲट्रॉसिटी मिटवली’, असेही ऐकू येते. नियमाप्रमाणे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजार रुपयांपर्यंत जे अर्थसाहाय्य मिळते, त्याला ‘ॲट्रॉसिटीचे पैसे’ म्हणतात. बाबांनो, ते बक्षीस नाही! मोडलेले घर सावरावे, गाव सोडावे लागले तर चूल पेटावी आणि फिर्यादी पैशापुढे वाकू नये, म्हणून ते पुनर्वसन आहे. जो तरुण हा शब्द धमकीसाठी वापरतो, तो उद्या खरोखर मार खाणाऱ्या आपल्याच एखाद्या बहिणीच्या फिर्यादीवर आज पाणी ओततो.

हे आम्ही केवळ नीतीचा धडा म्हणून सांगत नाही. कोर्टात याची किंमत मोजावी लागते. उलटतपासणीत आरोपीचा वकील फिर्यादीला पहिल्या पाच प्रश्नांतच सुचवतो, “तुम्ही आरोपीला ॲट्रॉसिटी करण्याची धमकी दिली होती, हे खरे आहे काय?” फिर्यादी भाबडेपणाने म्हणतो, “हो, त्याने मारले तेव्हा मी म्हटले होते की तुझ्यावर ॲट्रॉसिटी करीन.” झाले! ज्या क्रियापदाची आपण चर्चा करीत आहोत, ते नोंदीवर आले आणि सोसणारा करणारा ठरला. पुढचा सारा युक्तिवाद त्याच एका वाक्यावर उभा राहतो.

म्हणून पोलीस ठाण्यात गेल्यावर काय बोलावे, हे प्रत्येक वस्तीतल्या माणसाला ठाऊक हवे. “साहेब, मला अमक्यावर ॲट्रॉसिटी करायची आहे,” असे म्हणू नका. ठाणे अंमलदाराच्या कानाला ती धमकी वाटते आणि तो तुम्हाला समजुतीच्या गोष्टी सांगू लागतो. “माझ्यावर अत्याचार झाला आहे, माझी फिर्याद लिहून घ्या,” असे म्हणा. मग घटना सांगा. कुणी, केव्हा, कुठे, काय केले. जातीचा उल्लेख करून कोणते शब्द उच्चारले, ते शब्द जसेच्या तसे लिहायला लावा. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढ्या मोघम वाक्यावर थांबू नका. त्या वेळी कोण कोण हजर होते आणि ऐकत होते, त्यांची नावे द्या. कारण अपमान आणि शिवीगाळ यांच्या बाबतीत ती लोकांच्या नजरेसमोर झाली असली पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचा कुणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सांगितले आहे. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. फिर्याद घेण्यास नकार मिळाला, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाला कलम ४ खाली शिक्षा आहे, हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगा.

आणखी एक गोष्ट. हा कायदा बौद्धांचा, ‘महारांचा’, असा समज गावोगाव पेरला गेला आहे. साक्री-शिरपूरच्या पाड्यांवर भिल्ल, पावरा, कोकणा बांधवांशी बोलताना आम्हाला वारंवार आढळते की, हा कायदा आपलाही आहे हे कित्येकांना ठाऊकच नसते. कायद्याच्या नावातच अनुसूचित जमाती आहे! जमीन बळकावणे, वेठबिगारी, बाईमाणसाच्या अंगावर हात टाकणे ही कलमे आदिवासींच्या रोजच्या जगण्याशी निगडित आहेत. मातंग, चर्मकार, मेहतर बांधवांचीही हीच गत. शब्द सर्वांच्या तोंडी, पण अर्थ कुणाच्याच हाती नाही.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला भीमस्मृती यात्रा भरते. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले होते ते एका खटल्यासाठी, वकील म्हणून. त्या दिवशी तिथे मुक्काम झाला, त्याची ही आठवण. हजारो माणसे येतात, गाणी होतात, भाषणे होतात. आमची सूचना आहे की, त्या दिवशी तिथे एक मांडव असा असावा, जिथे या कायद्याचे कलम ३ दिवसभर मोठ्याने वाचले जाईल, मराठीत, अहिराणीत, भिलोरीत, पावरीत. यादीतला एकेक प्रकार आणि तो घडला तर काय करायचे, हे प्रत्येकाने ऐकून जावे. वकील म्हणून आलेल्या बाबासाहेबांना याहून योग्य अभिवादन कोणते?

आणि आजपासून निदान आपल्या तोंडचे क्रियापद सुधारू या. ॲट्रॉसिटी आपण करीत नाही, टाकत नाही, ठोकत नाही. ती आपल्यावर होते. आपण फिर्याद देतो. करणारा कोण आणि सोसणारा कोण, हे पोलीस ठाण्यात, कोर्टात आणि चावडीवर प्रत्येक वाक्यात स्वच्छ दिसले पाहिजे.

जयभीम!